अल्फारेट्यातली लाल बावट्याची बाई

सुमित्राबाईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं कातडं असं निबर झालंय, की तापला तवा उचलला तरी तिला चटका बसत नाही. अमेरिकेतल्या अल्फारेट्यातल्या मराठी बायका भेटल्या की तो हात हातात घेतात आणि म्हणतात, "काकू, किती सोसलंत ओ!" सुमित्राबाई हात काढून घेते. सोसलं-बिसलं काही नाही, बिड्या वळल्या. बाराव्या वर्षापासून पुढं एकतीस वर्षं.

संगमनेरजवळ तिचं गाव. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि टेंभुर्णीची पानं, शेजारी बहीण सरला, पाठीमागं गोधडीवर पोरगं. दिवस मावळायला आला की कारखान्याचा मुकादम यायचा, बिड्या तपासायचा आणि मूठ-दोन मुठी खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे कापायचा. आणि जाताना त्या खराब बिड्याही पिशवीत घालून न्यायचा. सगळ्या बायांना दिसायचं, सगळ्या गप. एकोणऐंशी सालची गोष्ट, सुमित्राबाई चोवीस वर्षांची. तिनं त्या बाजूच्या ढिगावर तळहात ठेवला आणि दाबून सगळ्या बिड्यांचा भुगा केला.

"अगं ये भवाने, काय केलंस?" मुकादम ओरडला.

"खराब व्हत्या ना? मंग तुला कशाला पायजेत?"

दुसऱ्या दिवशी तिचं काम बंद झालं आणि तिसऱ्या दिवशी लाल बावटा युनियनच्या बाया तिच्या दारात येऊन बसल्या. मोर्चे झाले, संप झाला, तहसील कचेरीपुढं चार दिवस चुली मांडल्या. पक्षाचं कार्ड तिनं त्याच साली घेतलं. सात वर्षं तिच्यापाशी होतं. पुढं नवरा आजारी पडला, सभांना जायला सवड राहिली नाही, शहाऐंशी साली कार्ड नव्यानं करायचं राहून गेलं, एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. पण युनियनच्या बायांनी भांडून प्रत्येकीला बिडी कामगाराचं ओळखपत्र मिळवून दिलं, आणि त्या ओळखपत्रावर बिडी कामगारांच्या पोरांना शिक्षणाचे पैसे मिळायचे. विक्रम त्याच पैशावर पुण्यात इंजिनिअर झाला. अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेला गेला, तिकडचा नागरिक झाला, आणि दोन हजार नऊ साली आईला ग्रीन कार्डावर घेऊन आला.

अल्फारेटा म्हणजे अटलांटा शहराच्या उत्तरेला, गवत कापून कापून न्हाव्यानं दाढी करावी तसं गुळगुळीत ठेवलेलं गाव. विक्रमच्या कंपनीला सरकारी कामं मिळतात. त्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा जेवतानाही लोंबत असतो, आमटीच्या वाटीत बुडेल म्हणून तो खांद्यावरून मागं टाकतो. सून अबोली दवाखान्यात कामाला. दिवसभर घरात सुमित्राबाई एकटी. सोळा वर्षं झाली, ती कधी कुरकुरली नाही. पण गेल्या वर्षी गावाकडं सरलाच्या दोन्ही किडन्या बसल्या, आणि सुमित्राबाईनं एकच गोष्ट धरली: वर्ष-दीड वर्ष जाऊन बहिणीपाशी राहायचं, तिचं काय व्हायचं ते होईस्तोवर. मग परत लेकाकडं यायचं.

"ग्रीन कार्डवर एवढा वेळ बाहेर राहता येत नाही आई," विक्रम म्हणाला. "आणि आजकाल तर एअरपोर्टवर ग्रीन कार्डवाल्यांना पण बाजूला घेतात. सिटिझन हो. पासपोर्ट हातात आला की किती पण दिवस राहा."

म्हणून फॉर्म भरला. विक्रमनंच, कॉम्प्युटरवर, एका शनिवारी क्रिकेट बघता बघता. तिनं सही केली.

आता पुढं मुलाखत. पंचावन्नच्या वरचं वय आणि पंधरा वर्षांच्या वर ग्रीन कार्ड असलं, तर ती आपल्या भाषेत देता येते, शेजारी दुभाष्या बसतो. मात्र देशाच्या इतिहासाचे शंभर प्रश्न पाठ करावे लागतात, त्यातले दहा विचारतात. ते पाठ करून घ्यायला दर रविवारी चैत्राली यायची. नाशिकची पोर, अटलांट्याच्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करणारी. भाकरी आणि ठेचा एवढीच तिची फी. मावशी मावशी करत ओट्यावर चढून बसायची आणि प्रश्न सोडायची.

"शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला मुख्य काळजी कशाची होती?"

सुमित्राबाई भाकरी थापत होती. "कव्हाची गोष्ट ही?"

"दुसरं महायुद्ध संपलं ना, त्याच्या पुढची दहा वर्षं धरा. तिथनं सुरुवात."

"युद्ध जिंकल्यालं, खायला रग्गड, दारात मोटार. मंग काळजी कशाची आसंल?"

"कम्युनिझमची, मावशी. पाठ करा."

"म्हंजी आमची?"

चैत्राली खळखळून हसली. मग हळूहळू हसायची थांबली. "म्हणजे तुमच्याकडं पक्षाचं कार्ड होतं? खरोखरचं?"

"मंग काय पत्त्याचं व्हतं?"

चैत्रालीचा अभ्यासच त्या दहा वर्षांचा. ती सांगू लागली आणि तव्यावरची भाकरी करपली. जर्मनी हरली, जपान हरला, शिपाई घरी आले, त्यांना घरं मिळाली, पोरं झाली, आणि एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना ह्या देशाला आपल्याच माणसांची भीती वाटायला लागली. सरकारी नोकरीतल्या माणसाला शपथेवर लिहून द्यावं लागे, की मी देशाशी इमानी आहे. मास्तरांना, प्राध्यापकांना, टपालातल्या कारकुनाला. शेजाऱ्यानं चुगली केली की चौकशी. चुगली कोणी केली ते सांगायचं नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या फायली चैत्राली विद्यापीठाच्या तळघरात बसून वाचायची.

"इथनं तासाभरावरच्या गावातली एक मास्तरीण होती," ती म्हणाली. "गोरी. तिनं एका काळ्या मास्तराला आणि त्याच्या बायकोला घरी चहाला बोलावलं. पुढच्या खोलीत बसवलं. एवढाच पुरावा. चौकशीत विचारलंय, काळ्यांना पंगतीला बसवता, मग तुम्ही कम्युनिस्ट नाही कशावरून?"

"चहाला?"

"चहाला. त्यात कुणी दूध घेतलं, कुणी घेतलं नाही, तेही लिहिलंय."

"चुगली कुणी केली?"

"नाव काळ्या शाईनं खोडलंय."

"समोरची शेजारीण आसंल. खिडकीतून बघितल्याबिगर दुधाचं कसं कळंल?" सुमित्राबाईनं करपलेली भाकरी कचऱ्यात टाकली. "मंग तिचं काय झालं?"

"ती म्हणाली, माझ्याबद्दल काय वाटेल ते विचारा, सगळं सांगते. पण आणखी कोण कोण यायचं ते नाही सांगणार. झालं. त्यांना तेच तर हवं होतं. नावं देणारे सुटायचे, मावशी. दोन नावं द्या, चार द्या, आपली नोकरी वाचवा. कितीतरी जणांनी मित्रांची दिली, सख्ख्या मेव्हण्याची दिली. ही अडून राहिली आणि नोकरी गेली. पुढं लोकांच्या घरचे पडदे शिवायची."

सुमित्राबाईनं दुसरा गोळा थापायला घेतला. तिच्या डोळ्यांसमोर मुकादमाची पिशवी येत होती. "येवढा मोठा देश," ती शेवटी म्हणाली, "बाँबवाला. आन् बाईच्या चहाला भ्याला. थू."

मग चैत्रालीनं फोनवर कोऱ्या फॉर्मचा नमुना उघडला, कारण शंभर प्रश्न सोडले तर मुलाखतीत फॉर्मावरचे प्रश्नही परत तोंडी विचारतात, शपथ घालून. त्यात तो होताच. जगात कुठंही, कधीही, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होता का? त्याच काळातल्या कायद्यानं तो आणला, आणि लोक शीतयुद्ध विसरले तरी प्रश्न राहिला.

"मंग संपलंच की," सुमित्राबाई म्हणाली.

"संपलं नाही. कायद्यात दहा वर्षांची अट आहे. अर्जाच्या आधीची दहा वर्षं तुम्ही सभासद नसलात, तर त्या कारणानं अडवता येत नाही. तुमचं शहाऐंशी सालीच सुटलं. सरळ हो म्हणा आणि कधी सोडलं ते सांगा."

सुमित्राबाईला बरं वाटलं. संध्याकाळी विक्रम आल्यावर तिनं ताट वाढता वाढता त्याला हे सांगितलं. विक्रमचा हात घासासकट थांबला.

"कोणी सांगितलं तुला हे? त्या पोरीनं?"

"व्हय. हो म्हणलं तरी चालतंय म्हणे."

"नाही चालत."

"आरं, कायद्यातच हाये..."

"आई, नाही चालत!" त्यानं ताट ढकललं. अबोलीनं टीव्हीचा आवाज बंद केला. विक्रमनं हात पुसले. मग म्हणाला, "ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये पण तोच प्रश्न होता. दोन हजार नऊला. मी 'नो' मार्क केलं होतं. आणि आत्ताच्या फॉर्ममध्ये पण 'नो' केलंय. आता तू 'येस' म्हणालीस तर ते म्हणणार, तेव्हा खोटं बोललात. ग्रीन कार्डच खोट्यावर घेतलं. डिपोर्ट करू शकतात तुला. आणि मला..." तो पट्ट्याशी चाळा करू लागला. "माझं सरकारी कामाचं क्लिअरन्स कॅन्सल करतील, नोकरी, सगळं."

"तव्हा मला इचारलं का नाय?"

"आई, इतके प्रश्न असतात त्यात..."

"मला का नाय इचारलंस, विक्रम?"

विक्रमनं मान खाली घातली. "कारण मला उत्तर माहीत होतं."

त्या वेळीही हो लिहिलं असतं तरी निभावलं असतं, ही गोष्ट चैत्रालीनं पुढच्या रविवारी सांगितली. जुनं, कधीच सुटलेलं सभासदत्व तेव्हाही माफ होतं. म्हणजे खोट्याची गरजच नव्हती. तो नुसता भ्याला, किंवा लाजला, आणि त्याच लाल बावट्यानं मिळवून दिलेल्या ओळखपत्रावर शिकलेल्या हातानं चौकटीत खूण केली. सुमित्राबाईला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी जुनं फडकं कोंबलंय.

विक्रमनं नंदूला बोलावलं. ज्या घरात कागद अडला त्या घरात नंदू. वय अठ्ठावन्न, घरं विकायचा परवाना, टॅक्स भरून देणं, लग्नं जुळवणं आणि मराठी मंडळाचं अध्यक्षपद, तेही तिसऱ्यांदा. सुमित्राबाईच्या मुलाखतीला दुभाष्या म्हणून तोच जाणार होता. आल्या आल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसला.

"काकू, टेन्शन घ्यायचं नाही. ही पक्षाची भानगड कुणाला माहितीये? कुणालाच नाही."

"आख्ख्या मंडळाला ठाव हाये, नंदूभाऊ. तुमीच सांगितली."

नंदूचा चेहरा पडला. सांगितली होती खरी, आणि माईकवरून. गेल्या वर्षी महिला दिनाला मंडळानं सुमित्राबाईचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, आणि तिची जीवनकथा नंदूनं स्वतः वाचली. 'लाल बावट्याची वाघीण' असं शीर्षकही त्यानंच दिलं होतं. चारशे माणसं उठून उभी राहिली, आयटीतले, बँकेतले, घरी गेल्यावर गरिबांना फुकट दवाखाना द्यावा म्हणणाऱ्याला कम्युनिस्ट म्हणून शिव्या घालणारे. विक्रमनं पुढं येऊन व्हिडिओ काढला. ते सगळं मंडळाच्या स्मरणिकेत छापलंही, पान चौतीस, सोबत फोटो: चोवीस वर्षांची सुमित्रा मोर्चाच्या पुढं, हातात बावटा, तोंड उघडं. आणि ती स्मरणिका इंटरनेटवरही चढवली होती.

"ते काढतो ना मी," नंदू म्हणाला. "आजच काढतो."

इंटरनेटवरचं एका रात्रीत गेलं. छापील प्रतींसाठी नंदू घरोघर हिंडला. दार वाजवायचा, चहा घ्यायचा, स्मरणिका मागून घ्यायचा, आणि खिशातल्या पात्यानं पान चौतीस कापून ती परत द्यायचा. "काकूंच्या भल्यासाठी," म्हणायचा. कुणी नको म्हणालं नाही. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यातल्या एकानंही विचारलं नाही, की बाबा, ह्या बाईनं असं काय केलंय? उलट सुमित्राबाई किराणा दुकानात दिसली की बायका दुसऱ्या ओळीतून जायला लागल्या. कुणी हात हातात घेईना. एकीनं तर अबोलीला फोन करून सांगितलं, आमच्या ह्यांची पण ग्रीन कार्डची फाइल चालू आहे गं, थोडे दिवस येणं-जाणं नको.

चैत्राली यायची बंद झाली. तिचा मेसेज आला, तो अबोलीनं वाचून दाखवला. 'मावशी, सॉरी. मी स्टुडंट व्हिसावर आहे. हल्ली आमच्याकडे पण फार जपून राहायला सांगतात. तुम्हाला कायद्याचं मी सांगितलं असं कुठे म्हणू नका, प्लीज. माझं नाव नको.'

"फायली वाचून शानी झाली व्हती," सुमित्राबाई म्हणाली. पोरीची दयाही आली आणि किळसही आली, आणि दोन्ही एकमेकांत अशी कालवली गेली की वेगळी काढता येईनात.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी विक्रम तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. "आई, एक शब्द आहे. नाही. एवढाच म्हणायचा. मग पासपोर्ट, मग तिकीट, मग मावशीकडं जा. सरलामावशीसाठी तरी म्हण."

"सरलाचं नाव मधी घालू नको. तिचंबी कार्ड व्हतं."

अटलांट्याच्या कचेरीत विक्रमला बाहेरच बसवलं. आत ती आणि नंदू. समोरची साहेबीण काळी, पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलायला गोड. दोघांनाही उजवा हात वर करायला लावला. खरं सांगेन ही सुमित्राबाईची शपथ, ती सांगेल तसंच भाषांतर करीन ही नंदूची. नंदूनं खणखणीत आवाजात घेतली.

इतिहासाचे प्रश्न भराभर गेले. काळजी कशाची होती, तेही विचारलं. सुमित्राबाईनं 'कम्युनिझम' म्हटलं, साहेबिणीनं बरोबर अशी मान हलवली. सहा उत्तरं बरोबर आली की पास, म्हणून पुढचे थांबवले आणि फॉर्म पुढ्यात ओढला. नाव, गाव, प्रवास. मग तो प्रश्न.

नंदूनं मराठीत विचारलं, आणि विचारता विचारता डोळे मोठे केले.

सुमित्राबाई म्हणाली, "व्हय. एकोणऐंशीपासनं शहाऐंशीपातूर सभासद व्हते."

नंदू साहेबिणीकडं वळला आणि हसून म्हणाला, "नो, मॅम. नेव्हर."

सोळा वर्षांत इंग्रजी बोलायला येत नसलं, तरी 'नो' कुठल्या बाईला कळत नाही? सुमित्राबाईनं नंदूच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड तिला ओळखीचं वाटलं. बिड्या बाजूला टाकताना मुकादमाचं असंच असायचं, उपकार केल्यासारखं.

"तुमी काय सांगितलं तिला?"

"काकू, गप बसा," तो ओठ न हलवता म्हणाला. "वाचवतोय तुम्हाला."

"तुमाला मला वाचवाया बसवलंय, का मी म्हनते ते सांगाया?"

साहेबिणीनं चष्मा डोळ्याला लावला. "काही अडचण आहे का?"

नंदू "नो, नो" करत असतानाच सुमित्राबाई टेबलावर हात टेकून थोडी उठली. "मॅडम. ही नो. आय येस. पार्टी, येस. सेव्हन इयर. बिडी." आणि अंगठा-बोटानं हवेत बिडी वळून दाखवली.

 मग साहेबिणीनं नंदूला बाहेर जायला सांगितलं. तो उठला तेव्हा त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. साहेबिणीनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. कुठल्या तरी गावाहून एक दुभाषी बाई बोलू लागली, नागपूरकडची. "सांगा जी, ऐकून राहिली मी," ती म्हणाली, आणि त्या परक्या आवाजानं सुमित्राबाईला महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

तिनं सगळं सांगितलं. बिड्या, मुकादम, संप, कार्ड, ते सुटलं कधी. साहेबीण लिहीत गेली. मग तिनं जाडजूड फाइलीतून एक जुना कागद काढला.

"दोन हजार नऊच्या फॉर्मवर ह्याच प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आहे. खाली तुमची सही आहे. हा फॉर्म कोणी भरला?"

नागपूरच्या बाईनं तो प्रश्न मराठीत केला. सुमित्राबाईला एकदम समजलं की खरी जागा ही आहे. आपलं आपण सांगणं सोपं होतं. ते सांगितलं की माणूस ताठ उभं राहतं. पण पुढचा प्रश्न नेहमी दुसऱ्याच्या नावाचा असतो.

"सही मपली हाये," ती म्हणाली.

"हो. पण उत्तरं कोणी लिहिली? कुणी मदत केली का?"

"मपलं मला इचारा. मी सभासद व्हते. कागदावर खोटं हाये, त्याच्या खाली सही मपली हाये. त्याच्या पल्याड मी बोलनार नाय."

"न सांगितल्यानं तुमचं नुकसान होऊ शकतं. समजतंय का?"

"समजतंय."

साहेबिणीनं पेन ठेवलं. चिडली नाही. एक छापील कागद पुढं सरकवला, त्यावर लिहिलं होतं की आज निर्णय देता येत नाही.

बाहेर नंदू कुठं दिसला नाही. विक्रम खुर्चीवरून ताडकन उठला, तिला दंडाला धरून कोपऱ्यात घेऊन गेला आणि कानाशी तोंड आणून त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"माझं नाव घेतलंस?"

"नाय."

त्याच्या छातीतून श्वास सुटला तो तिला गालावर लागला. त्याचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला. मग तो म्हणाला, "बरं, काय झालं आत? पाणी पिणार का तू?"  तिनं त्याचा हात दंडावरून बोटं एकेक करून सोडवला आणि ती एकटी गाडीपर्यंत चालत गेली.

वकील लावला. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की प्रकरण अवघड असलं तरी मेलेलं नाही. खोटं तिनं जाणूनबुजून सांगितलं की न वाचता सही केली, एवढ्यावर सगळं आहे. ज्यानं फॉर्म भरला त्यानं शपथेवर एक पानभर लिहून द्यावं: आईला इंग्रजी येत नव्हतं, मी तिला प्रश्न वाचून दाखवला नाही, उत्तर मीच लिहिलं. त्यानं तिची बाजू सुधारेल. लिहिणाऱ्याला मात्र त्रास होऊ शकतो, तो किती ते सांगता येत नाही. मसुदा वकिलानं ईमेलनं पाठवला. विक्रमनं छापला, सही करायच्या जागेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि टेबलाच्या टोकाला ठेवला.

एक आठवडा गेला, तीन गेले, आठ गेले. कागद तिथंच. अबोली पुसताना तो उचलायची आणि परत ठेवायची. विक्रम रोज सकाळी गळ्यात पट्टा घालून त्याच्या शेजारून कॉफी घेऊन जायचा. त्यानं विकत घेतलेल्या घरात, त्यानंच भरलेल्या फ्रीजमधलं ती खात होती, आणि प्रत्येक घासाला तिला त्या कागदाचा वास यायचा. सरलाचं आता आठवड्याला तीनदा मशिनीवर रक्त धुवायला लागत होतं. निकाल लागायच्या आत देश सोडलात तर परत येताना विमानतळावरच धरतील, असं वकिलानं बजावलं होतं.

एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. मेथीची भाजी, भाकरी. सुमित्राबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला.

"विक्रम."

"हं."

"तू त्याच्यावर सही करनार नायस."

"आई, जेवताना कशाला आता..."

"मी तुला कर म्हनत नाय. करू नको. तुपली नोकरी हाये, घर हाये, मला सगळं समजतं. फक्त एवढं तोंडानं म्हन. 'आई, मी सही करनार नाय.' एकदा खरं बोल माझ्याशी, मी पुन्हा इचारनार नाय."

 विक्रमनं भाजी चिवडली, घोटभर पाणी घेतलं, पट्टा खांद्यावरून मागं टाकला. त्याचे ओठ एकदा हलले, तेव्हा सुमित्राबाईला वाटलं आता म्हणतो. मान त्यानं वर केली, पण बघितलं तिच्या मागच्या भिंतीकडं.

"बघू या ना, आई," तो म्हणाला. "बघतो मी."

सुमित्राबाईनं ताट उचललं. गॅरेजात गेली, गवत कापायच्या मशिनीशेजारी उलटी बादली ठेवली आणि तिच्यावर बसून जेवली. तेव्हापासून ती तिथंच जेवते.